काल्मेत आंबट लागली म्हणजे बिघडली का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये अल्बेनिया फिरून आलो. उत्तरेला लेझ शहराजवळ शेतातल्या एका खाणावळीत काल्मेत नावाच्या तिथल्याच द्राक्षाची रेड वाईन प्यायलो. फार आवडली म्हणून निघताना दोन बाटल्या घेतल्या. पुण्यात मित्रमंडळी जमल्यावर एक उघडली, तर आंबट आणि तुरट. रंगही बेताचाच. सोबत बाकरवडी आणि चिवडा होता. एक मित्र म्हणाला, बिघडली आहे, ओतून द्या. खरंच बिघडली होती का? आणि दुसरी उघडताना काय बघायचं?"

बाटली समोर नसताना छातीठोकपणे बोलता येत नाही. पण तुम्ही केलेल्या वर्णनात बिघाडाची एकही खूण मला दिसत नाही. आंबट, तुरट आणि रंगाला बेताची, हे तर काल्मेतचे गुणधर्मच आहेत. तुमच्या मित्राने ज्याला बिघाड म्हटलं त्यातला अर्धा भाग त्या द्राक्षाचा स्वभाव, आणि उरलेला अर्धा बाकरवडीचा प्रताप.

बाकरवडीच्या सारणात साखर असते, चिंच असते, तिखट असतं. जिभेवर गोड असताना कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या वाईनचा घोट घेतला की वाईनमधलं फळ गायब होतं आणि आंबट-कडू तेवढं उघडं पडतं. तिखटाचा त्रास वेगळा. तोंड आधीच पेटलेलं असताना अल्कोहोल त्यात भर घालतं आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून-बीतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा खरखरीत वाटायला लागतो. लेझच्या बाजूला तुमच्या ताटात बहुधा भाजलेलं बकऱ्याचं किंवा मेंढीचं मांस, खारट पांढरं चीज, ऑलिव्हचं तेल असं काही असणार. मीठ आंबटपणाची धार बोथट करतं, मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात. म्हणजे तीच वाईन, फक्त ताट बदललं. खात्री करून घ्यायची असेल तर कुठल्याही कोरड्या रेडचा एक घोट नुसता घ्या, दुसरा जिभेवर चिमूटभर साखर विरघळल्यावर, मग पाण्याने चूळ भरून तिसरा जिभेवर मिठाचा कण ठेवून. तीन वेगळ्या बाटल्यांमधून ओतल्यासारखं वाटतं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी हेच करायला लावतो.

आता द्राक्षाबद्दल. अल्बेनिया आकाराने नाशिक जिल्ह्याच्या दुपटीहूनही थोडा लहान देश. त्याच्या उत्तरेला, एका बाजूला एड्रियाटिक समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मिर्दिताचे डोंगर, यांच्यामध्ये झाद्रिमाचं सपाट मैदान आहे. द्रिन नदी तिथेच जवळून वाहते, आणि वर श्कोडर शहर आणि त्याच नावाचं मोठं सरोवर. काल्मेत हे गाव याच पट्ट्यातलं, आणि द्राक्षाला नाव गावाचंच. उन्हाळा कडक आणि कोरडा, रात्री डोंगरावरून येणारा गारवा. हे द्राक्ष उशिरा पिकतं. तोडणी सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे, आणि तिथे शरद लागला की पाऊस येतो. त्यामुळे शेतकऱ्याची दरवर्षी ओढाताण: थांबावं तर पाऊस गाठतो, घाई करावी तर सालीतलं आणि बीमधलं टॅनिन हिरवट राहतं. पूर्ण पिकलेल्या काल्मेतमध्येसुद्धा आम्लता टिकून असते, घाईने तोडलेल्यात ती अंगावर येते. हंगेरीतली काडार्का आणि हे द्राक्ष एकच, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. नातं काहीही असो, मी चाखलेल्या काल्मेत काडार्कापेक्षा अंगाने भरीव होत्या, म्हणून काडार्का ठाऊक असेल तर त्या अपेक्षेने काल्मेत उघडू नका.

आपल्या जिभेला ही आम्लता का खटकते, याचं कारण नाशिकमध्ये सापडतं. आपल्याकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि वाईनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे मण्यात गोडी उतरते ती दिवस तापत जाताना. उष्णता वाढली की द्राक्षातलं मॅलिक आम्ल जळून जातं, साखर झपाट्याने चढते. अल्बेनियात नेमकं उलटं, शेवटच्या आठवड्यांत दिवस थंड होत जातात आणि आम्ल मण्यातच राहतं. उष्ण प्रदेशात टार्टारिक आम्ल वरून घालून तोल सावरणं हे वायनरीतलं नेहमीचं काम आहे, पण मुळातून आलेली आम्लता आणि घातलेली आम्लता जिभेवर वेगळी बसते. त्यात भर म्हणजे आपल्याकडच्या काही स्वस्त, लोकप्रिय रेडमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते. अशा मऊ रेडवर जीभ तयार झाली असेल तर काल्मेतचा पहिला घोट कोणालाही दचकवेल. आणि तिला शिराझ या गडद द्राक्षाच्या वाईनच्या मापाने मोजू नका. शिराझसारखा काळपट रंग आणि तोंड भरून टाकणारं फळ हे काल्मेतचं कामच नाही.

एक प्रश्न मात्र मी तुम्हाला उलट विचारतो. खाणावळीत प्यायलात ती वाईन जगमधून आली होती की बाटलीतून? कारण उत्तर अल्बेनियात 'काल्मेत' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि त्यामागे त्या देशाचा इतिहास आहे. साम्यवादी राजवटीत द्राक्षबागा सहकारी शेतीत गेल्या, टेकड्यांवर मोठी लागवड झाली, पण सगळा भर टनांवर. १९६७ साली तर सरकारने सगळा धर्मच बंद केला. झाद्रिमा हा कॅथलिक पट्टा, तिथली प्रार्थनेतली वाईनही त्याबरोबर गेली. राजवट कोसळल्यावर जुलै १९९१च्या ७५०१ क्रमांकाच्या कायद्याने सहकारी जमीन कुटुंबांमध्ये वाटली गेली. प्रत्येकाच्या वाट्याला छोटा तुकडा, त्यावर थोडी बाग, थोडा मका, थोडी गुरं. मोठ्या बागा मोडल्या. ज्यांनी वेल राखले त्यांनी घरापुरती वाईन केली आणि चोथा, कधी अख्खी द्राक्षंच, राकीच्या भट्टीला घातली. राकी ही तिथली गाळीव दारू घरोघरी असते, वाईनपेक्षा तिचा मान मोठा. नंतर वायनरी उभ्या राहायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा मर्लो, कॅबर्ने, सांजोवेझे ही परदेशी द्राक्षं लावायची चढाओढ होती. स्थानिक द्राक्षांकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. मिर्दितातल्या रेशेनची आर्बरी, लेझच्या बाजूची कांतिना काल्मेती, तिरानाजवळची उका फार्म ही त्यातली काही नावं.

तर पहिली गोष्ट म्हणजे घरची काल्मेत. ती पिंपातून जगमध्ये येते, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतूनही विकतात. ताजी असेल तर झकास लागते, पण तिच्यात वाईन टिकवणारं सल्फाइट बहुधा नावालाच असतं. ती तिथेच, त्याच आठवड्यात संपवायची वाईन आहे. सुटकेसमध्ये घालून पुण्याला आणायची नव्हे. दुसरी म्हणजे स्टीलच्या टाकीत केलेली, लाकूड न लागलेली बाटलीबंद काल्मेत. माझ्या मते द्राक्ष ओळखायला हीच खरी. तिसरी ओकच्या पिंपात मुरवलेली, बहुतेक वेळा 'रेझर्व्ह' असं काहीतरी लिहिलेली आणि महाग. यातल्या काही फार चांगल्या आहेत. पण काल्मेतच्या नाजूक फळावर नवं लाकूड लवकर स्वार होतं, मग ग्लासात व्हॅनिला आणि लवंग उरते आणि द्राक्ष कुठलं ते कळेनासं होतं. तुम्ही तिथे पहिली प्यायली आणि इथे दुसरी किंवा तिसरी उघडली असेल तर फरक वाटणारच.

आता दुसरी बाटली. दोन दिवस आधी ती उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. पुण्यातल्या घरातलं तापमान हे वाईनचं रूम टेंपरेचर नव्हे. हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. तीस अंशांच्या रेडमध्ये नाकाला आधी अल्कोहोल झोंबतं. मात्र फ्रिजमधून काढून थेट ओतलीत तर टॅनिन जास्त कडक लागेल. काल्मेतला पंधरा-सोळा अंश मानवतात. साधा उपाय असा की बाटली दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढा, उघडा, आणि ग्लासात थोडी ओतून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, आणि त्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा आणि कडेकडे बघा. तरुण काल्मेत माणकासारखी लाल दिसते, मधोमध गडद असली तरी कडेला उजळ. कागदावरची अक्षरं त्यातून थोडीफार दिसतात. 'रंग बेताचा' म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, पण मला उलट शंका तेव्हा येते जेव्हा काल्मेत लिहिलेली बाटली शाईसारखी जांभळी-काळी निघते आणि तिला ढोबळी मिरचीचा वास येतो. तिच्यात बहुतेक कॅबर्ने किंवा मर्लो मिसळलेली असते. ते वाईट असं नाही, फक्त मग ती काल्मेतची चव नव्हे. दोन-तीन वर्षांचीच बाटली असून कड विटकरी-तपकिरी दिसली, तर मात्र सावध व्हा.

मग वास. पहिल्यांदा ग्लास न हलवता घ्या. लोक आधी गरगर फिरवतात आणि त्यात सर्वात हलके वास उडून जातात. मग फिरवा आणि पुन्हा घ्या. काल्मेतमध्ये लाल आंबट फळं पुढे असतात. अल्बेनियन माणूस आंबट चेरीचं नाव घेईल. आपल्याला ती परिचयाची नाही, पण डाळिंबाचा ताजा रस आणि नुकतंच रंगायला लागलेलं करवंद डोक्यात ठेवलंत तर जवळपास पोचाल. त्यामागे मिरीपूड, आणि उन्हात वाळलेल्या रानातल्या पाल्याचा वास. हा पाल्याचा वास मला काल्मेतमध्ये सर्वात आवडतो आणि लाकडाने तोच आधी मरतो. जुन्या बाटलीत फळ सुकतं, आलूबुखार, तंबाखू, चामडं असं काही येतं.

चव घेताना पहिला घोट हिशेबात धरू नका, तो नुसता तोंड धुवायला. दुसरा तोंडात सगळीकडे फिरवून गिळा किंवा थुंका, आणि मग तोंड मिटून हनुवटी खाली करा. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटायला लागेल. किती सुटते आणि किती वेळ सुटत राहते, तेच आम्लतेचं मोजमाप. मग जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. तिथे ओढल्यासारखं, कोरडं वाटतं ते टॅनिन. 'आंबट-तुरट' हा एक शब्द म्हणून आपण बोलून जातो, पण तोंडात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागी घडतात. त्या सुट्या करता आल्या की अर्धी वाईन कळली. काल्मेतची आम्लता भरपूर असते, टॅनिन मध्यम ते ठसठशीत. चांगल्या बाटलीत ते बारीक दळलेलं वाटतं, घाईने तोडलेल्या मालात कच्च्या केळ्याच्या सालीसारखं जिभेला चिकटतं. घशात अल्कोहोलची ऊब मध्यमच असायला हवी. आणि शेवट बघा. लाळ सुटत असताना फळाची चव मागे राहिली, तर वाईन सुदृढ आहे. आंबट राहिलं आणि फळ केव्हाच निघून गेलं, तर ती अशक्त आहे. अशक्त म्हणजे बिघडलेली नव्हे, हेही लक्षात घ्या. वाईट वर्षाची वाईन आणि बिघडलेली वाईन या दोन तक्रारी वेगळ्या आहेत.

खरा बिघाड कसा ओळखायचा? त्यासाठी जीभ नाही, नाक वापरा. द्राक्षाच्या स्वतःच्या आम्लाला वास नसतो. टार्टारिक आम्ल कितीही असलं तरी नाकाला कळत नाही. व्हिनेगरचं अ‍ॅसिटिक आम्ल मात्र नाकात झोंबतं, आणि त्याच्यासोबत बहुधा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. युरोपीय संघात रेड वाईनमध्ये या उडून जाणाऱ्या आम्लाची मर्यादा लिटरला साधारण १.२ ग्रॅम आहे, त्याच्या पुष्कळ आधी तयार नाकाला ते कळतं. तेव्हा नुसती आंबट लागली आणि वास स्वच्छ फळाचा आला तर बाटली निर्दोष आहे. तुमच्या पहिल्या बाटलीचा वास कसा होता ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच एक गोष्ट निर्णायक होती.

बाकीचे बिघाड असे. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात कुबट झालेल्या पोत्याचा वास येतो आणि फळ मुकं होतं. हवा लागून तो जात नाही, उलट वाढतो. लिटरला काही नॅनोग्रॅम एवढा अंश त्याला पुरतो. तबेल्याचा किंवा जखमेवर लावायच्या पट्टीचा वास ब्रेटानोमायसेस या यीस्टचा. जुन्या, नीट न धुतलेल्या पिंपांमध्ये ते घर करतं. थोडा असेल तर काहींना तो आवडतोही, मला नाही आवडत. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर लगेच ओतून देऊ नका, वाईनला आंबताना किंवा टाकीत हवा कमी मिळाली की असं होतं. एका ग्लासात थोडी वाईन घेऊन त्यात घासून लखलखीत केलेला तांब्याचा तुकडा टाका आणि मिनिटभर ढवळा. वास गेला तर तो गंधकाचा होता, आणि उरलेली बाटली जोराने दुसऱ्या भांड्यात ओतून अर्धा तास ठेवली की बहुधा सुधारते. तांब्याचा ग्लास मात्र पिऊ नका, आणि अख्खी बाटली तांब्याच्या भांड्यात ओतायचा शहाणपणाही नको. आम्लात तांबं उतरतं.

आणखी एक शक्यता तुमच्या बाबतीत आहे, ती म्हणजे उष्णता. विमानतळावर उन्हात पडून राहिलेलं सामान, मग पुण्यात स्वयंपाकघरातलं फडताळ. बूच थोडं वर सरकलंय का बघा. वरचं आवरण काढल्यावर खाली चिकट ओघळ आहे का बघा. असेल तर आतली वाईन तापून फुगली होती. तिचा वास शिजवलेल्या मुरांब्याकडे झुकतो, आंबट-तुरटकडे नाही. म्हणून तुमच्या वर्णनावरून मला याचीही शंका कमीच वाटते.

खायला काय? तिथे श्कोडर सरोवरातल्या कार्प माशाचं भांड्यात भाजलेलं कालवण प्रसिद्ध आहे आणि त्याच्याबरोबर काल्मेत चालते. माशाबरोबर रेड नको हा नियम तिथे कोणी पाळत नाही. आपल्या घरात मी पांढरा रस्सा आणि सुकं मटण निवडेन, तिखट निम्म्यावर आणून. पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध आणि मिरी दोन्ही काल्मेतला जमून येतात. तांबडा रस्सा नको. शाकाहारात दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी चांगली, फक्त मसाल्यात गूळ घालू नका. तो घातला की बाकरवडीचाच प्रकार पुन्हा. गूळ-चिंचेच्या आमटीशी तर कोणतीच कोरडी रेड जुळत नाही, उगाच प्रयोगात बाटली वाया घालवू नका.

पुढच्या वेळी गेलात तर दक्षिणेकडची द्राक्षंही बघा. तिराना आणि दुर्रेस यांच्यामधल्या टेकड्यांवरचं शेश इ झी हे काल्मेतपेक्षा काळसर फळाचं आणि टॅनिनला दणकट. व्लोराजवळ नार्ताच्या खाऱ्या सरोवराकाठी व्लोश होतं. तिथली गावठी व्लोश राकट असते, हवा लागलेली, सुक्या मेव्याकडे झुकणारी. काल्मेत आंबट लागली म्हणणाऱ्याला व्लोश बिघडलेलीच वाटेल, म्हणून ती शेवटी.

दुसरी बाटली फार साठवू नका. पुण्यातला एखादा उन्हाळा फडताळात काढण्याइतकी ताकद साध्या काल्मेतमध्ये नसते. ही थंडी संपायच्या आत उघडा. एका बैठकीत संपली नाही तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. आम्लता चांगली असलेल्या वाईन एक रात्र सहज काढतात, आणि घाईने तोडलेली नसेल तर काल्मेतचं टॅनिन दुसऱ्या दिवशी मऊ झालेलं आढळतं. तिसऱ्या दिवशी जे उरेल त्यात मटण मुरवा.